गॅलनमागे किती

वही पिकअपच्या खणात असते,
पेन्सिल तिला दोऱ्याने बांधलेली.
अर्वो पंपावरून ओरडून आकडा सांगतो,
भागाकार मी करते.
एकेचाळीस वर्षं असंच चाललंय:
मैल वर, गॅलन खाली,
आणि पूर्णांकावर भागवलेलं त्याला चालत नाही,
दशांश हवा.

होडी नसताना सतरा, कधी साडेसतरा.
होडी मागे लावली की नऊ.
वारा पश्चिमेचा असला तर आठच्याही खाली,
आणि जाताना वारा पश्चिमेचाच असतो.

"वजनाचं काही नाही गं," तो म्हणतो,
"वजन एकदा हललं की हललं.
पेट्रोल पिते ती हवा."
म्हणून होडीवर ताडपत्री, ताडपत्रीवर सहा पट्टे,
आणि तरी म्युनिसिंगच्या अलीकडे
एखादं टोक सुटून फडफडायला लागतंच.
मग तो आरशात बघत राहतो,
चर्चमध्ये मागच्या बाकावर
कुणाचं तरी मूल रडत असल्यासारखा.

न्यूबेरी ते बर्गलंड, दोनशे दहा मैल.
सेनीनंतर रस्ता पंचवीस मैल वळत नाही,
दोन्हीकडे दलदल, तमॅरॅकची खुरटी झाडं,
आणि आम्ही पंचावन्नच्या वेगाने.
ओंडके लादलेले ट्रकसुद्धा आम्हांला ओलांडून जातात.
एकदा शाळेच्या बसने ओलांडलं.
मुलांनी मागच्या काचेतून हात हलवले,
मीही हलवला.
"साठवर गेलो तर गॅलनमागे पाऊण मैल जातो,"
अर्वो म्हणाला.
जातो, म्हणाला. माणूस जातो तसं.

चढ आला की तो गिअर खाली आणतो, इंजिन गुरगुरतं,
आणि आम्ही दोघं सीटवर जरा पुढे झुकतो.
त्याने काय फरक पडणार,
पण झुकतो.

मी एकदा माशांचाही हिशेब मांडला होता.
गोगेबिक तलावातला वॉलआय, साफ करून,
पौंडाला काय भावाने पडला:
पेट्रोल, बर्फ, आमिषं, मोटेलची रात्र.
त्या पैशांत दुकानदाराने मासा घरी आणून
तळूनही दिला असता.
वहीच्या शेवटच्या पानावर आहे, बारीक अक्षरात.
त्याने पाहिलाय, मला ठाऊक आहे:
बेरीज तपासून
एक हातचा राहिला होता तो मिळवलाय.

या सप्टेंबरात होडी विकली.
त्याचा डावा खांदा आता विंच फिरवू देत नाही.
घेणारा बर्गलंडचाच, गार्लंड नावाचा पोरगा,
बायकोला सातवा महिना,
पैसे मोजून पाकिटात आणलेले.
अर्वोने त्याला सहाही पट्टे
दोनदा बांधून दाखवले,
ट्रेलरचं डावं बेअरिंग तापतं तेही सांगितलं.
पोराने विचारलं, "ओढताना मायलेज किती पडतं हो?"
"फार वाईट," अर्वो म्हणाला, "फार वाईट,"
आणि इतका खुशीत हसला
की पोरगा बायकोकडे बघायला लागला.

परतताना वारा पाठीशी.
मागे काही नाही, तरी वेग पंचावन्नच.
वळणं तशीच लांबून, ट्रेलरला जागा सोडून.
म्युनिसिंगला कॉफीसाठी थांबलो
तर सवयीने मागे गेला,
वाकून हात पुढे केला,
चाकाचा तुंबा तापलाय का बघायला.
तिथे नुसती हवा, चांगली गार.
थोडा वेळ तसाच वाकून राहिला.
मी काचेवर चिकटलेले किडे बघत बसले.

घराजवळच्या पंपावर टाकी भरली.
"दहा पूर्णांक एक!" तो ओरडला.
मी भागाकार केला. पुन्हा केला.
वीस पूर्णांक आठ.
या वहीत कधीच आला नव्हता असा आकडा.

"किती?"
"नऊ," मी म्हटलं.
"नऊ पूर्णांक?"
"दोन."

त्याने माझ्या हातातून पेन्सिल घेतली,
दोरा पुरेना म्हणून खिडकीत वाकला,
नऊ पूर्णांक दोन लिहिलं, तारीख घातली,
आणि म्हणाला,
"वारा असेल."